एजेंच्या पुस्तकातली शाई

सुयुमकान एजेंचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे, गणिताच्या जुन्या पेपरांखाली, पालथं घातलेलं. त्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत आहे, खाली राजधानीतल्या, बिश्केकच्या कार्यालयाचा निळा शिक्का आहे. परीक्षा मात्र त्यांनी दिलेली नाही. ती मी दिली. बरीच वर्षं हे मी कुणापाशी बोललो नाही. आता बोलून कुणाचं वाईट व्हायची भीती उरलेली नाही, म्हणून लिहितो.

मी मेलिस. कोचकोरच्या शाळेत गणित शिकवतो. तेव्हा आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या अभ्यासगटाचा प्रमुख होतो. मंडळीत आजाऱ्यांना भेटणारे, प्रार्थना चालवणारे, लेकरांना गोष्टी सांगणारे असे जे लोक असतात, त्यांनी शिकायचं तर शहरात जाऊन तीन वर्षं राहायचं. तोवर मेंढ्या कुणाच्या गळ्यात बांधायच्या? म्हणून शिक्षणच घरी यायचं, पुस्तकातून. रोज थोडा भाग वाचायचा, प्रश्नाखालच्या रिकाम्या जागेत उत्तर लिहायचं, मग पानाच्या कडेला छापलेल्या उत्तरावरची पुठ्ठ्याची पट्टी सरकवून आपलं बरोबर की चूक ते बघायचं. दर गुरुवारी माझ्या घरी जमून चहा पीत त्यावर बोलायचं. दहा धडे संपले, पुस्तक भरलं, की तीच परीक्षा.

पुस्तक मिळायचं ते कार्यालयात नाव नोंदवलेल्यालाच, माणशी एक. वर्षाअखेरीला बिश्केकहून तपासनीस बाई येत. निदान सहा पुस्तकं भरलेली निघाली तरच गटाला पुढच्या वर्षीचं पुस्तक मिळे. कोचकोरचा गट कधी अडला नव्हता. त्याचा मला ताठा होता, आणि तो लपवायची मला सवय नव्हती.

सुयुमकान एजे, आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात, आमच्या गटात सगळ्यांत मोठ्या, साठीला टेकलेल्या. मला त्या बाळा म्हणत, मी पन्नाशीचा असून. तरुणपणी त्या सरकारी गोठ्यावर गवळण होत्या. बारा गायी हातानं पिळायच्या. सगळ्यांत जास्त दूध काढल्याबद्दल त्यांना पदक मिळालं होतं, ते त्यांनी पुढं कोंबड्यांच्या खुराड्याच्या कडीत अडकवलं, कारण कडी नीट बसत नव्हती. नवरा कादिर ट्रकवर होता. एका हिवाळ्यात ट्रकसकट चू नदीत गेला. त्या दुःखात शेजारची एक रशियन म्हातारी रोज येऊन त्यांच्याजवळ बसायची, चाळीस दिवस, एक अक्षर न बोलता. एकेचाळिसाव्या दिवशी एजेंनीच तिला विचारलं, "तुला कोण पाठवतं गं?" तिथून त्या येशूच्या झाल्या. आमचा मुलूख मुसलमानांचा; गावातल्या पांढऱ्या दाढ्यांनी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "बाप-आज्यांचा धर्म सोडलास, मेल्यावर तुला पुरायचं कुठं?" एजे म्हणाल्या, "आधी मरू तर द्या. तुम्हालाच घाई दिसतेय."

पोरी मॉस्कोला झाडलोट करायला गेल्या होत्या. एजे शाळेच्या स्वयंपाकघरात होत्या. दर शनिवारी मात्र पावाचं गाठोडं घेऊन वरच्या तेगिर्मेन गावी जात. तिथल्या बायका एकत्र बसून बुरणूस करायच्या: लोकर पसरायची, गरम पाणी ओतायचं, चटईत गुंडाळून कोपरांनी दाबायची, लाटायची. एजे त्यांना हात लावायला जात. आठवडाभर त्यांच्या अंगाला ओल्या मेंढीचा वास येई.

गुरुवारी त्या उशिरा येत, दाराशी बसत, आणि धडा निम्मा झाला की हात वर करत.

"मेलिस, बाळा, एका बाईनं विचारलंय."

त्यावर सगळे हसत. कारण ती एक बाई दर गुरुवारी हजर असे. नवऱ्याच्या पाहुण्यांना व्होडका ओतून दिली तर बाईला पाप लागतं का? मनातल्या मनात केलेली प्रार्थना धरतात का? सासू शिव्या देते तिच्यासाठी प्रार्थना करायची, पण दात-ओठ खाऊन केली तर चालते का? आमची जिरगल, जिचं बाजारात दुकान होतं आणि जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, ती म्हणायची, "एजे, त्या बाईला एकदा घेऊनच या की! तिला नवरे तरी किती? मागच्या खेपेचा दारुडा होता, या खेपेचा मेंढपाळ आहे."

एजेही हसत. म्हणत, "तिचं ती बघेल. तू उत्तर ऐक."

मला वाटे, म्हातारीला आपले प्रश्न आपल्या नावावर विचारायची लाज वाटते. मी उत्तर देई, पण थोडक्यात, आणि घड्याळाकडे बघत.

मे महिन्यात तपासनीस बाईंचा निरोप आला, सोमवारी येते. मी गुरुवारी सगळ्यांना पुस्तकं आणायला सांगितली. नऊ जणांत तिघांनी अभ्यास मध्येच सोडला होता. राहिले बरोबर सहा. पाच पुस्तकं मी चाळली, ठीक होती. एजे आपलं पुस्तक काढेचनात. "पुढच्या आठवड्यात दिलं तर?" म्हणाल्या. मी हात पुढं करून उभाच राहिलो. शेवटी त्यांनी पावाच्या फडक्यातून ते काढून दिलं.

पुस्तक कोरं होतं.

पहिल्या धड्यापासून दहाव्यापर्यंत एक ओळ नाही. कागद तेवढा खरखरीत, रिकाम्या जागांवर पातळ झालेला, एके ठिकाणी चक्क भोक पडलेलं. मला वाटलं, ओल लागली असेल, उंदरानं कुरतडलं असेल. मी गणिताचा मास्तर. वहीवरून पोर ओळखतो म्हणून मिरवणारा. ते पान उजेडात धरून नुसतं तिरकं केलं असतं तर कागदावर उठलेले पेन्सिलीचे वळ दिसले असते, आणि ते एका हाताचे नाहीत हेही दिसलं असतं. मी धरलं नाही. मी तापलो.

"एजे, आठ महिने तुम्ही नुसता चहा प्यायला आलात?"

"लिहिलं होतं रे. खोडलं."

"खोडलं? कशाला?"

त्यांनी एकदा जिरगलकडं पाहिलं. जिरगलचं सासर तेगिर्मेनचं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "स्वच्छ राहावं म्हणून."

घर हसण्यानं दणाणलं. जिरगलला तर ठसका लागला. मीही हसलो, मास्तर लोक हसतात तसा, आणि म्हणालो, "पुस्तक काय तुमच्या स्वयंपाकघरातलं पातेलं आहे? घासून ठेवायला? तुमच्यापायी पाच जणांचं वर्ष बुडणार आहे, कळतंय का?" एजेंचा चेहरा लाल झाला. जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "पुस्तक दे, बाळा. शनिवारी लागेल."

"आता लागेल? आठ महिने नाही लागलं!"

पुस्तक मी ठेवून घेतलं.

शुक्रवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी वर्गात बसलो आणि ते भरायला घेतलं. मनात म्हटलं, म्हातारीची अब्रू वाचवतोय. खरं म्हणजे माझी वाचवत होतो. निळं बॉलपेन घेतलं आणि अक्षर मुद्दाम वाकडं काढलं. उत्तरंही मुद्दाम तशीच लिहिली. एजे जशा मला वाटत होत्या तशी. चांगलं उत्तर सुचलं की मी ते बिघडवत होतो, म्हणजे पटेल. आजारी शेजारणीसाठी मंडळीनं काय करावं? "प्रार्थना." दुःखी माणसाला काय सांगावं? "रडू नको." प्रत्येक धड्याच्या शेवटी एक प्रश्न असे: या धड्याचं तुमच्या स्वतःच्या जीवनातलं उदाहरण लिहा. त्यासाठी अर्धं पान रिकामं. तिथं काय लिहावं मला सुचेना. आठ महिने दर गुरुवारी ही बाई माझ्यासमोर बसत होती आणि मला तिच्या आयुष्यातलं काही सुचेना. मी लिहिलं, "माझ्याकडे उदाहरण नाही." दहा वेळा लिहिलं. पाचव्यांदा तर मला हसू आलं, कारण ते त्यांना अगदी शोभत होतं.

आठव्या धड्यावर होतो तेव्हा खिडकीवर टकटक झाली. एजे. हातांना पीठ लागलेलं, स्वयंपाकघरातून तशाच आलेल्या. मी हजेरीपट ओढून पुस्तकावर टाकला.

"मेलिस, पुस्तक दे. उद्या लागेल."

"मिळणार नाही. सोमवारी तपासणी आहे."

"मग आठवा धडा तेवढा फाडून दे. मी परत आणून चिकटवते."

"एजे, पुस्तक फाडायचं?"

त्या खिडकीच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. इकडंतिकडं पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाळा, ऐक. एका बाईला..."

"पुरे झाली ती बाई!" मी ओरडलो. "वर्षभर ऐकतोय. तुमच्या एका बाईपायी मला वेड लागायची पाळी आलीय."

"बरं," म्हणाल्या, आणि पीठ झटकत गेल्या. मी हजेरीपट उचलला आणि आठव्या धड्याखाली लिहिलं, "माझ्याकडे उदाहरण नाही."

सोमवारी तपासनीस बाई आल्या. एल्विरा त्सोय, शिस्तीच्या पण मनानं मऊ. एजेंचं पुस्तक चाळताना त्या म्हणाल्या, "साधी बाई दिसते. पण शेवटपर्यंत नेटानं लिहिलंय." मी मान डोलावली. सहाही पुस्तकं त्या नोंदीसाठी बिश्केकला घेऊन गेल्या. गटातल्या बाकीच्यांना मी सांगितलं, एजेंनी शनिवार-रविवार बसून पुस्तक भरून दिलं. जूनच्या मध्यावर पुस्तकं आणि प्रमाणपत्रं परत आली. तोवर तेगिर्मेनची निम्मी घरं जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर गेली होती.

प्रमाणपत्रं द्यायच्या रविवारी मंडळीत जेवण होतं. एजे मागच्या अंगणात कढईत बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. नाव पुकारल्यावर त्या आल्या, प्रमाणपत्र घेतलं, गोंधळून माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा कढईकडं गेल्या. मी मागोमाग गेलो. पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं आणि डोळे मिचकावले. होय, मिचकावले. म्हटलं, "कुणाला काही बोलू नका. तुमचं काम झालं."

एजेंनी झारा बाजूला ठेवला, हात पदराला पुसतात तसे कमरेच्या फडक्याला पुसले आणि पुस्तक उघडलं. त्या हळूहळू वाचत, ओठ हलवत. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, "माझ्याकडे उदाहरण नाही." पानं उलटून पुढच्या धड्याचा शेवट काढला. "माझ्याकडे उदाहरण नाही." अजून पुढचा काढला.

"हे मी बोलले?" त्यांनी विचारलं.

कढईतले बोर्सोक करपायला लागले होते.

त्यांनी अंगठा जिभेला लावून त्या ओळीवर घासला. निळा डाग पसरला. पुन्हा घासला. "शाई आहे," त्या म्हणाल्या. मग वर बघून, रागानं नाही, खरंच विचारावं तसं, "ही खोडता येते का रे, बाळा?"

"नाही, एजे."

त्यांनी कढई उतरवली, ओट्यावर बसल्या आणि मला सांगितलं. तेगिर्मेनमध्ये गुपचूप येशूच्या झालेल्या पाच जणी होत्या. "नावं विचारू नकोस." घरी कळलं तर एकीची पोरं काढून घेतील, एकीला नवरा मारील, आणि बाकीच्यांचंही काही बरं होणार नाही. त्यांची नावं कार्यालयाला द्यायची सोय नव्हती. नाव नाही तर पुस्तक नाही. म्हणून एजेंनी आपलं एक नाव दिलं होतं, पाच जणींसाठी. शनिवारी बुरणूस लाटून झाला की चहाच्या नावाखाली दार लावून एकेकीनं पेन्सिलीनं लिहायचं, एजेंनी पट्टी सरकवून तपासायचं, खोडायचं, की दुसरीनं बसायचं. गुरुवारचे प्रश्न त्यांचे होते. एक बाई पाच बाया होत्या.

"आणि ती आठव्या धड्याची?" मी विचारलं.

"तिची सासू शेवटाला आलीय. म्हातारी म्हणाली, मला मरायचं तर कुरणावर. घेऊन गेलेत तिला. नवरा दिवसभर कळपामागं असतो. दिवसभर या दोघीच. पुस्तक उन्हाळाभर तिच्याबरोबर जायचं होतं. आठव्यात मरणाऱ्याजवळ वाचायची वचनं आहेत ना, प्रार्थना आहे. मी तोंडी सांगितलं तेवढं. मला तरी सगळं कुठं पाठ आहे?"

मी म्हणालो, आत जातो, सगळ्यांपुढं सांगतो काय केलं ते. प्रमाणपत्र परत पाठवतो, तपासनीस बाईंना कळवतो.

"आणि लोक खोदून विचारतील पुस्तक कोरं का होतं, तेव्हा?" एजे म्हणाल्या. "जिरगल संध्याकाळपर्यंत तेगिर्मेनला पोचवील. तुला मोकळं व्हायचंय, आणि त्यांनी अडकायचं?"

त्यांनी प्रमाणपत्र माझ्या खिशात कोंबलं. "हे तू ठेव. परीक्षा तू दिलीस."

त्या उन्हाळ्यात मी एजेंच्या घरी रोज दुपारी बसून ते पुस्तक शाळेच्या वह्यांमध्ये उतरवून काढलं, पाच वह्या. त्यांनीच सुचवलं. छापील पुस्तक घरात सापडलं तर प्रश्न निघतात, पोरांच्या वहीकडं कोण बघतं? त्या वाचून दाखवत, मी लिहीत असे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "उत्तरं लिहू नकोस. नुसते प्रश्न लिही आणि जागा सोड." पहिल्या धड्याच्या शेवटी मी उदाहरणासाठी पुस्तकातल्यासारखं अर्धं पान सोडलं. एजेंनी वाकून पाहिलं.

"तिथं अख्खं पान सोड," त्या म्हणाल्या. "त्यांना ती जागा पुरत नाही. कडेनं लिहितात बिचाऱ्या."

मी अख्खं पान सोडलं. दहा धडे, पाच वह्या, पन्नास पानं कोरी सोडली, आणि प्रत्येक पान सोडताना मला माझं ते हसू आठवलं.

सप्टेंबरात कुरणांवरची घरं खाली उतरली. आम्हाला पुढचं पुस्तक मिळालं होतं, सहा पुस्तकं भरली होती ना! पहिल्या गुरुवारी सगळे जमले. एजे उशिरा आल्या, दाराशी बसल्या, ओल्या लोकरीचा वास घेऊन. धडा निम्मा झाला आणि त्यांनी हात वर केला.

"मेलिस, बाळा, एका बाईनं विचारलंय."

सगळे हसले. जिरगल म्हणाली, "आली का उन्हाळा घालवून? आम्हाला चुकल्यासारखंच झालं होतं!"

मी हसलो नाही, तशी एजेंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. गेल्या वर्षी हसणारा मास्तर यंदा हसला नाही, तर जिरगलच्या लक्षात यायला वेळ लागला नसता. मी हसलो. चांगला मोठ्यानं हसलो. मग एजेंनी विचारलं.

"ती म्हणते, सासू तिच्या मांडीवर गेली. जाताना म्हातारीला भीती वाटत होती. म्हणाली, काहीतरी बोल गं. हिला एक वचन आठवेना. नुसती बसून राहिली, तोंडातून शब्द नाही. तर हे पाप आहे का, असं तिनं विचारलंय."

कुणी हसलं नाही. एजे खाली चहाच्या वाटीकडं बघत होत्या. त्यांनी माझ्यावर नजर टाकली असती तर बरं झालं असतं.

"पाप तिचं नाही," मी म्हणालो. "सांगा तिला. तिचं नाही."

"मग कुणाचं, मास्तर?" जिरगलनं विचारलं. थट्टेनं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि सगळ्यांनी मास्तराकडं पाहिलं.

मी पुस्तकाचं पान उलटलं आणि म्हणालो, "पुढचा प्रश्न वाचा."